मालकांची लस

फोनवर ही म्हणाली, "अहो, मालकांना घेऊन या ना इकडे. करमत नाही हो त्यांच्याशिवाय."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेल्या माणसाला हे वाक्य ऐकून दोन क्षण बरं वाटायला हरकत नव्हती. पण आमच्या घरात मालक म्हणजे मांजर. सहा वर्षांपूर्वी ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आलं, माझ्या खुर्चीत बसलं, आणि हिनं कौतुकानं विचारलं, "काय मालक, जेवणार का?" मी पेपरमागून म्हणालो, "हो, वाढ." त्यावर ही इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. त्या दिवसापासून तो हुद्दा मांजराकडे गेला. मला कुठला दुसरा मिळाला नाही.

ही तिच्या ताईकडे गेली होती. ताई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. "पंधरा दिवसांत येते," म्हणून गेलेली ही अडीच महिने तिकडेच होती. रोज संध्याकाळी सात वाजता तिचा फोन यायचा. फोन साधारण चौदा मिनिटं चालायचा. त्यातली अकरा मिनिटं मालकांची, दोन कुंड्यांची, आणि शेवटचं एक मिनिट, "तुमचं बरं आहे ना?" मी छापखान्यात मुद्रितं तपासतो, त्यामुळे लोकांच्या बोलण्यातही मला विरामचिन्हं दिसतात. त्या 'ना'पुढे प्रश्नचिन्ह असायचं. पण बारीक टाइपातलं.

"मांजराला घेऊन नऊ तास प्रवास?" मी म्हणालो.

"तुम्हाला त्रास होणार असेल तर राहू द्या."

या वाक्याला उत्तर नसतं, हे विवाहितांना सांगायला नको. आणि खरं सांगायचं तर मला तिकडे जायचंच होतं. पण मला कुणी बोलावलं नव्हतं. "तिथं जागा लहान आहे, तुम्ही उगीच धावपळ करू नका," असं ही जाताना म्हणाली होती आणि ते मी मनाला लावून घेतलं होतं. आता मांजराचा हमाल म्हणून का होईना, जायला निमित्त मिळालं होतं. मी दुसऱ्याच दिवशी बसच्या आरक्षण खिडकीवर गेलो.

"मांजर नेता येईल," खिडकीतला माणूस म्हणाला. "पिंजरा पाहिजे. रेबीजची लस टोचल्याचा दाखला पाहिजे. लस टोचून एकवीस दिवस झालेले पाहिजेत. आणि मालक बरोबर पाहिजे."

"मालकांनाच तर न्यायचंय," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि "पुढचा" म्हणून हाक मारली.

सहा वर्षांत आम्ही मालकांना काही म्हणजे काहीच टोचलं नव्हतं. ते घराबाहेर जात नाहीत, कुणाशी संबंध ठेवत नाहीत, त्यांना काय होणार, असा आमचा समज. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो समज पहिल्या दोन मिनिटांत काढून टाकला. त्याआधी मात्र टेबलामागच्या बाईंशी माझं नोंदणीसंबंधी बोलणं झालं.

"नाव?"

"मालक."

"मालकांचं नंतर. आधी मांजराचं सांगा."

"मांजराचंच सांगतोय."

"मांजराचं नाव मालक?"

"हो."

"मग तुम्ही कोण?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला इतक्या सरळपणे कुणी विचारला नव्हता. "मी बरोबर आलोय," मी म्हणालो आणि माझं पूर्ण नाव सांगितलं. बाईंनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी तेव्हाच वाचायला हवं होतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसानं त्या एका कागदाकडे पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मालकांचं पोट दाबलं, पापण्या वर केल्या आणि म्हणाल्या, "आधी जंतांची गोळी. आठवड्यानं लस. मग एकवीस दिवस थांबायचं."

म्हणजे महिना. मी मनातल्या मनात कॅलेंडर उलटलं. "गोळी लागतेच का?"

"पोटात जंत असले की लस नीट लागू पडत नाही. सोपं असतं हो. तोंड उघडायचं, गोळी जिभेच्या मागच्या बाजूला ठेवायची, तोंड मिटायचं, गळा हलका चोळायचा. गिळतात."

गोळी शर्टाच्या बटणाएवढी होती. मी ती खिशात घालून घरी आलो आणि जिन्यात विश्वकोश भेटले. विश्वकोश म्हणजे आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी. त्यांना सगळं माहीत असतं आणि ते सगळं अर्धं असतं.

"लोण्यात द्या," ते म्हणाले. "मांजराला लोणी दिसलं की ते दुसरं काही बघत नाही."

मी गोळीवर लोण्याचा लेप दिला. मालकांनी तो डोळे मिटून चाटला, अगदी शेवटच्या कणापर्यंत, आणि लख्ख पुसलेली गोळी फरशीच्या मधोमध ठेवून निघून गेले. इतकं स्वच्छ काम आमच्या छापखान्यात होत नाही.

"मग कुटून अंड्यात घाला," विश्वकोश म्हणाले. दवाखान्यातून दुसरी गोळी आणली, कुटून अंड्यात घातली. मालकांनी वाटीला नाक लावलं, वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ओळखीच्या माणसाला खोटी सही करताना पकडल्यावर साहेब जसे बघतात, तसं. त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. संध्याकाळी अकरा मिनिटं या उपासावर गेली आणि त्यात माझी बाजू कुणी मांडली नाही.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांनी चार मुलं वाढवली आहेत. "तान्ह्या बाळासारखं टॉवेलात गुंडाळायचं," त्या म्हणाल्या. मी गुंडाळलं. विश्वकोशांनी शेपटाची बाजू धरली, काकूंनी मान धरली, मी गोळी घेऊन "आ... आ..." म्हणत स्वतःचंच तोंड उघडून दाखवू लागलो. नक्की काय झालं ते तिघांनाही नंतर तीन प्रकारे आठवलं. टॉवेल घडी न मोडता तसाच राहिला, मालक कपाटावर गेले, आणि गोळी शोधताना काकूंनी माझ्याकडे काळजीनं बघत विचारलं, "तुम्ही गिळली नाहीत ना?" मला खात्रीनं नाही म्हणता येईना. ती शेवटी माझ्या बाहीच्या दुमडीत सापडली.

सात वाजता फोन आला. मी वैतागलो होतो. म्हटलं, "तूच सांग तुझ्या मालकांना," आणि फोन मोठ्या आवाजावर टाकून जमिनीवर ठेवला.

"मालक," ही म्हणाली. "ओ मालक. या इकडे."

कपाटावरून दोन पाय दिसले. मालक खाली आले. फोनसमोर बसले. फोनच्या मागे जाऊन पाहिलं, पुन्हा पुढे आले. मग त्यांनी वर तोंड करून ते उघडलं. ओरडायला नव्हे, हाक मारायलाच असावं, कारण तसला आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. आणि मी त्याच क्षणी गोळी आत सरकवली. गळा चोळला. त्यांनी गिळली.

"गिळली," मी म्हणालो.

"शहाणं आहे."

"मी?"

"मालक हो."

मालक मात्र फोनपाशी थांबले नाहीत. ते आतल्या खोलीत गेले, पलंगाची तिची बाजू हुंगली, गॅलरीत जाऊन आले, आणि शेवटी दाराजवळ तिच्या घरातल्या चपलांवर जाऊन बसले. मला आपण कुणालातरी फसवल्यासारखं वाटत राहिलं. त्या चपला मीही अडीच महिन्यांत हलवल्या नव्हत्या. रेडिओही तिच्या स्टेशनवर होता. तिथं सकाळी विणकामाचा कार्यक्रम लागतो. मी तो बंद करत नव्हतो. आता मला सुलट टाके आणि उलट टाके यांतला फरक कळतो. विणायला कोणी सांगितलं तर मात्र पंचाईत आहे.

आठवड्यानं लस. मालकांना पिंजऱ्यात घालायला पाऊण तास लागला. म्हणजे मी पाऊण तास प्रयत्न केला, दमून चहा करायला गेलो, आणि परत येतो तो मालक आपणहून आत जाऊन बसलेले. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घट्ट धरा." मी घट्ट धरलं, डोळे मिटले, मनाची तयारी केली.

"झालं," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"झालं की."

मालकांना पत्ताही लागला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या डोक्यावर थोपटून "शाब्बास!" म्हणालो. तेव्हा त्यांनी माझ्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. सुई त्यांनी सोसली, पण शाब्बासकी त्यांना सोसली नाही.

डॉक्टरीणबाईंनी जखम साबणानं धुतली, अगदी पंधरा मिनिटं. मग म्हणाल्या, "आता तुम्ही तुमच्या दवाखान्यात जा. आजच."

"पण यांना लस दिली ना आत्ता?"

"आत्ता दिली. याआधी सहा वर्षं दिली नव्हती."

सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरांनी कार्ड काढलं. "चावणारं जनावर?"

"मांजर."

"मालकीचं की भटकं?"

"मालक."

"मालकीचं," त्यांनी लिहिलं. "पत्ता?"

"माझाच."

"दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. तुम्हाला पाच इंजेक्शनं. आज, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी."

"पाच? मांजराला एकच दिलं हो!"

"मांजर तुम्हाला चावलंय," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही मांजराला चावला नाहीत."

या तर्काला तोड नव्हती. मी बाही वर केली.

इमारतीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. त्या संध्याकाळी विश्वकोश हातात पाण्याचा पेला घेऊन दारात उभे राहिले. "पिऊन दाखवा," म्हणाले. मी प्यायलो. "घटाघटा नको, सावकाश." मी सावकाश प्यायलो. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं, मान हलवली, आणि उद्या येतो म्हणाले. दहा दिवस मी मालकांवर लक्ष ठेवलं आणि विश्वकोशांनी माझ्यावर. मालक मजेत होते.

हिला मी यातलं काहीच सांगितलं नाही.

आता हे शौर्य नव्हतं. सांगितलं असतं तर ही पहिल्या बसनं निघाली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. 'मला मांजर चावलं' एवढी तीनच शब्दांची गोष्ट. दर संध्याकाळी सात वाजता ती माझ्या जिभेच्या टोकावर असायची. दंड दुखत असायचा, घरात दिवा एकाच खोलीत लागलेला असायचा, आणि मी मनात म्हणायचो, सांगून टाक, उद्या दुपारी दारात उभी असेल. मग ही म्हणायची, "आज ताई वॉकर धरून खिडकीपर्यंत गेली. रडली हो खिडकीपाशी. तीन महिन्यांनी रस्ता पाहिला तिनं." आणि मी म्हणायचो, "अरे वा." तीन शब्द परत घशाखाली.

"तुमचा आवाज असा का येतोय?" तिनं एकदा विचारलं.

"कसा?"

"काहीतरी खात असल्यासारखा."

"नाही गं," मी म्हणालो.

एकविसाव्या दिवशी दाखला घ्यायला गेलो. टेबलामागच्या बाईंनी छापून, शिक्का मारून हातात दिला. दुसऱ्या कुणी घडी घालून तो खिशात ठेवला असता आणि संध्याकाळची बस धरली असती. मी वाचला. 'मालकाचे नाव' या रकान्यात 'मालक' असं लिहिलं होतं. 'प्राण्याचे नाव' या रकान्यात माझं संपूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. पुढे: जात मांजर, नर, खच्ची केलेला, रंग करडा-पांढरा, वजन सव्वाचार किलो, स्वभाव अविश्वासू.

"चालतं हो," बाई म्हणाल्या. "बसवाले कुठे वाचतात?"

"मी वाचलंय," मी म्हणालो.

माणसानं कुठे थांबावं हे मला कधी कळलं नाही, असं ही म्हणते. ते खरं असावं. मी दुरुस्तीचा आग्रह धरला, तेव्हा कळलं की दाखल्याची प्रत पालिकेच्या दप्तरी गेली होती आणि दुरुस्ती आता तिथंच होणार होती. पालिकेत तीन नंबरच्या खिडकीवर एक कारकून होते, चष्मा कपाळावर, बोलणं हळू.

"दुरुस्तीचा अर्ज मालकानं करायचा असतो," ते म्हणाले.

"मीच मालक."

त्यांनी दाखला वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा दाखला वाचला. "यानुसार तुम्ही मांजर आहात."

"तीच तर चूक आहे."

"असेल. पण जोवर दुरुस्त होत नाही तोवर तुम्ही मांजर आहात, आणि मांजराचा अर्ज आम्हाला घेता येत नाही."

मी ओळखपत्र दाखवलं. त्यावरचं नाव आणि दाखल्यावरचं मांजराचं नाव तंतोतंत जुळलं, त्यामुळे माझी बाजू आणखीच लंगडी पडली. त्यांनी उद्या या म्हटलं. उद्या साहेब नव्हते. परवा साहेब होते पण शिक्का त्यांच्या कपाटात होता आणि किल्ली घरी होती. असे सहा दिवस गेले. छापखान्यात दर दुपारी एक तास उशिरा जात होतो आणि कारण विचारलं की काय सांगावं ते कळत नव्हतं. 'मी मांजर नाही हे सिद्ध करायला गेलो होतो' हे वाक्य शुद्ध आहे, पण म्हणवत नाही.

सातव्या दिवशी, म्हणजे बरोबर अठ्ठाविसाव्या दिवशी, पाचवं इंजेक्शन घेऊन मी तसाच त्या खिडकीवर गेलो. दंड दुखत होता. कार्ड हातातच होतं. कारकुनांनी ते मागितलं.

"हे काय?"

"मांजर चावलं. मला."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मोठ्यानं वाचलं. "रुग्णाचं नाव, हे तुमचं. चावणारं जनावर, पाळीव मांजर. पत्ता तोच." त्यांनी कार्ड आणि दाखला शेजारी शेजारी ठेवले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्ही आणि मांजर वेगवेगळे आहात."

"हो."

"सरकारी कागदावर आहे हे! आधी का नाही दाखवलंत?" आणि त्यांनी दहा मिनिटांत दाखला बदलून दिला. एवढंच नाही, "दुखतंय का फार?" असंही विचारलं. अठ्ठावीस दिवसांत हे विचारणारे ते पहिलेच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते इंजेक्शनमुळे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. कंडक्टरनं दाखला मागितला नाही. मी तो त्याला वाचायला लावला. नऊ तास मालक पिंजऱ्यात माझ्याकडे पाठ फिरवून बसले होते.

दार हिनं उघडलं. पदर खोचलेला, डोक्यावर पीठ उडाल्यासारखे नवे पांढरे केस, चेहरा उतरलेला. जवळजवळ चार महिन्यांत इतकं काही बदलतं हे फोनवर दिसत नाही. तिनं पिंजरा हातात घेतला, आत पाहिलं आणि म्हणाली, "आलात?" त्या 'आलात'मध्ये एक जण होता की दोघं, ते मला तपासता आलं नाही.

पिंजरा उघडताच मालक ताईंच्या खाटेखाली गेले ते दोन दिवस तिथंच. हिनं हाका मारल्या, वाटी दाखवली. त्यांनी ओळखसुद्धा दाखवली नाही. "रागावलेत," ताई खाटेवरून म्हणाल्या. "मलाही राग येतो कधीकधी, माझ्यामुळे हे सगळं. पावणेसात वाजले की ही फोन हातात घेऊन बसते हो. सात वाजेपर्यंत करत नाही. काय म्हणतील, म्हणते."

"ताई, तुझं औषध राहिलं," ही म्हणाली आणि आत गेली.

त्याच संध्याकाळी ही माझा शर्ट धुवायला घेत होती. खिसे तपासायची तिची सवय. कार्ड सापडलं. ती मोरीच्या दारात उभी राहून वाचत होती आणि मी पळून जायला जागा शोधत होतो. खरोखरच घर लहान होतं.

"पाच?" ती म्हणाली.

"चार फारशी दुखली नाहीत."

"मालक चावले तुम्हाला? आणि तुम्ही रोज फोनवर मला सांगताय की अंडं खाल्लं, दूध प्यायले, ऊन खात बसले?"

"ते खरंच बसले होते."

"मला कळवलं का नाहीत?"

"तू निघून आली असतीस."

तिनं शर्ट बादलीत घातला. कितीतरी वेळ तो नुसताच बुडवत राहिली. साबण लावायचं विसरली.

"आले असते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं दोनदा माझा दंड दाबून पाहिला, गाठ आहे का म्हणून. गाठ नव्हती. मी दोन्ही वेळा म्हटलं, "इथं बघ बरं जरा."

ताईंना काठीशिवाय चालायला आणखी तीन महिने लागणार होते. माझी रजा दोन दिवसांची. मालक तिथंच राहणार हे न बोलता ठरलं होतं. बसस्टँडवर ही सोडायला आली. मी खिडकीशी बसलो, ती खाली उभी राहिली. कुंड्यांना पाणी, दुधाचं, गॅसचं, सगळं सांगून झालं. मग ती नखानं बसच्या पत्र्यावरचा रंग खरवडत, माझ्याकडे न बघता म्हणाली,

"अहो, मालकांना आणायचं नसतं, तर आला असतात?"

"रजा मिळाली नसती गं," मी म्हणालो. "सध्या शाळेच्या पुस्तकांचं काम चाललंय."

यात एकही शब्द खोटा नव्हता. तिनं मान हलवली, "हो, ते आहेच," म्हणाली, आणि बस सुरू झाली.

स्टँडच्या फाटकापर्यंत येईतो मला कळलं की मी काय बोलून बसलो. मी खिडकीची काच पूर्ण सरकवली, खांद्यापर्यंत बाहेर आलो आणि ओरडलो, "आलो असतो! अगं, रजा नसती मिळाली तरी आलो असतो!"

गाडीतली सगळी माणसं वळून बघू लागली. शेजारच्या गृहस्थांनी आपली पिशवी मांडीवर घेतली. "ओ काका, डोकं आत!" कंडक्टर मागून खेकसला. इंजिनाचा आवाज होता, मध्ये दुसरी एक गाडी आडवी आली होती. ती हलली तेव्हा ही दिसली. तिनं हात वर केला होता आणि जोरजोरात हलवत होती.

ऐकू आलं म्हणून, की डोकं आत घ्या म्हणून, ते फाटकाबाहेर पडेपर्यंत मला कळलं नाही.